फोनवरचे उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर : एका आक्षेपाच्या निमित्ताने

आपण प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, याबद्दल आभार. ब्रिटनमधील पदवीधरांच्या ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ या रोजगार-सर्वेक्षणावरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा, की माणसाला नोकरी आहे की नाही हे वास्तव फोनवर विचारल्याने वा ऑनलाइन फॉर्म भरून घेतल्याने बदलत नाही. तेव्हा माध्यमाची चर्चा म्हणजे उगाच काढलेले खुसपट.

नोकरी आहे की नाही, एवढ्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु हे सर्वेक्षण तेवढ्यावर थांबत नाही. वार्षिक पगाराच्या रकान्यात कुणी मासिक आकडा भरला, तर पडदा मुकाट्याने तो स्वीकारू शकतो. फोनवरचा मुलाखतकार ‘हा महिन्याचा की वर्षाचा?’ असे विचारतो. कामाचे स्वरूप सांगताना नुसते ‘मॅनेजर’ म्हटले, तरी तो पुढचा प्रश्न करतो, आणि व्यवसायाचे वर्गीकरण त्या उत्तरावरच ठरते. उलट, ‘आयुष्याबद्दल 0 ते 10 पैकी किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला अनोळखी आवाजासमोर 3 म्हणणे जड जाते. एकट्याने टाइप करताना तो संकोच उरत नाही. म्हणजे फोन एका प्रश्नाला उपकारक, तर दुसऱ्याला बाधक.

याआधीच्या ‘डीएलएचई’ (डेस्टिनेशन्स ऑफ लीव्हर्स फ्रॉम हायर एज्युकेशन) या सर्वेक्षणात पदवीनंतर सुमारे 6 महिन्यांनी विद्यापीठेच आपापल्या माजी विद्यार्थ्यांना गाठत, आणि पदवीधर भेटला नाही तर घरच्यांचे उत्तरही चाले. (‘हो, लागलाय नोकरीला’ हे आईचे उत्तर किती तपशीलवार असेल, याची कल्पना आपण करू शकतो.) त्याच्या जागी 2017-18 च्या पदवीधरांपासून सुरू झालेल्या ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’मध्ये सुमारे 15 महिन्यांनी, एकाच मध्यवर्ती यंत्रणेकडून, आधी ऑनलाइन दुवा जातो आणि उत्तर न देणाऱ्यांना फोन. काळ, विचारणारा आणि माध्यम ही तिन्ही एकदम बदलल्यामुळे दोन्ही सर्वेक्षणांच्या आकड्यांतील फरक केवळ माध्यमाच्या माथी मारता येत नाही.

एक चूक मात्र माझीच. फोनवर उत्तर देणाऱ्यांची समाधानाची सरासरी अधिक दिसते, ती सगळी मी संकोचाच्या खात्यावर टाकली होती. पण फोन मुळात ऑनलाइन उत्तर न दिलेल्यांनाच जातो, म्हणजे ही माणसेच वेगळी असू शकतात. विषय, वय, पदवीची श्रेणी यांत सारख्या गटांची तुलना केल्याशिवाय, किंवा माध्यम चिठ्ठ्या टाकून ठरवल्याशिवाय, संकोचाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. लेखातील तो परिच्छेद मी दुरुस्त करत आहे.