गुण द्या, पण सहीही द्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. खेळाडूंना आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ग्रेड मिळवणाऱ्यांना बोर्ड वाढीव गुण देतं, ते चालू ठेवावेत की बंद करावेत? दादाच्या मते हा सगळा प्रमाणपत्रांचा बाजार. खेळाला २५ पर्यंत गुण मिळत असतील, तर कधी न ऐकलेल्या खेळांच्या स्पर्धा एकाएकी भरायला लागणारच. वहिनी शाळेत शिकवतात. त्या म्हणतात, हे गुण नसते तर पीटीचा तास गणिताच्या सरांनी केव्हाच गिळला असता. (तसाही गिळतातच.) शेवटी कोणीतरी चेंडू माझ्याकडे टोलवतं: "तुमच्या अमेरिकेत बरं आहे बाई, अभ्यास नाही, नुसते कार्यक्रम!"

कार्यक्रम असतात हे खरं. माझी मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी हायस्कुलात अकरावीला आहे. ऑगस्टमध्ये शाळा उघडते आणि थोड्याच दिवसांत जेवणाच्या सुट्टीत टेबलं मांडून बुद्धिबळापासून रोबोटिक्सपर्यंतचे क्लब नवी पोरं गोळा करायला बसतात. मग होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना शाळेत परत बोलावण्याच्या सणाचा आठवडा. त्यात एक दिवस नाइटड्रेस घालून वर्गात बसायचं, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी नाच. ऑक्टोबरात पीएसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची रंगीत तालीम, आणि बारावीच्या पालकांना कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरायला शिकवणारी एक संध्याकाळ. मार्च-एप्रिलात नाटक. मेमध्ये एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा, त्यांच्या आगेमागेच प्रॉम, म्हणजे वर्षअखेरचा नटूनथटून जायचा नाच.

पण हे सगळं निव्वळ हौसेपोटी चालतं असं समजू नका. कॉलेजच्या अर्जात या प्रत्येक गोष्टीसाठी रकाना असतो. त्यामुळे अकरावीत अचानक सामाजिक कार्याची कळकळ दाटून आलेली आणि त्यासाठी स्वतःच क्लब काढून स्वतःच अध्यक्ष झालेली मुलं मी पाहिली आहेत. दादाचा बाजार इथेही भरतो, फक्त गुणांचा दर छापलेला नसतो.

पैशाची गोष्टही तशीच. सरकारी शाळेने खेळाला, नाटकाला, बँडला फी लावायची नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. शिक्षण फुकट म्हणजे तेही फुकटच. ऐकायला छान. प्रत्यक्षात बँडचे गणवेश, वाद्यं न्यायचा ट्रक, बाहेरचे प्रशिक्षक हा खर्च बऱ्याच ठिकाणी पालकांच्या 'ऐच्छिक' देणगीवर चालतो. श्रीमंत वस्तीतला बँड आणि गरीब वस्तीतला बँड कान बंद करूनही ओळखता येतो.

तेव्हा इथलं सगळं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र नक्की न्यावी, आणि ती आमच्या ग्रुपवरच्या वादात कधी येतच नाही. इथे विद्यार्थी संघटनेचा निधी असतो, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार त्यातला पैसा खर्च करण्याआधी तिघांची मंजुरी लागते: शाळाप्रशासनाचा माणूस, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. मुख्याध्यापकांना कितीही वाटलं, तरी मुलांच्या संमतीशिवाय त्या पैशातून मांडव उभा राहत नाही.

मुलगी यंदा नाचाच्या समितीत आहे. तिने दाखवलेलं सभेचं इतिवृत्त मी चवीने वाचलं. डीजेसाठी दोन दरपत्रकं आलेली. एका पोराने महागडा डीजे सुचवला, दुसरीने विचारलं, तिकिटं विकली गेली नाहीत तर? मतदान झालं, स्वस्त डीजे ठरला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली. सोळा वर्षांच्या पोरांनी लिहिलेला तो कागद आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या वृत्तान्तापेक्षा स्वच्छ होता.

आपल्याकडचं गॅदरिंग आठवा. वर्गणी मुलांकडून, पण गाणी बाईंनी निवडलेली, कपडे भाड्याने कुठून आणायचे ते सरांनी ठरवलेलं, नाचाला कोरिओग्राफर बाहेरचा, प्रमुख पाहुणे संस्थाचालकांचे. मुलांनी फक्त वेळेवर येऊन नाचायचं. पुढे अकरावी-बारावीत तर क्लासशी जोडलेल्या कॉलेजांत तेवढंही उरत नाही. मुलं कॉलेजात फिरकतात तरी का, हे पाहायला सरकारला २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. जिथे काहीच आपलं नाही, तिथे पोरं कशाला येतील?

वाढीव गुणांनी यातलं काही बदलत नाही. गुण मिळतात ते मंचावर दिसलेल्याला. हिशोबाची वही सांभाळणाऱ्या, पडद्यामागे दोऱ्या ओढणाऱ्या, भांडून दर कमी करून आणणाऱ्या पोराला काय मिळतं?

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा वहिनींनी लगेच पकडलं: "एका वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यात आम्हाला निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं. त्यांच्या सभा कोण घेणार?" मुद्दा बरोबर आहे. मी म्हटलं, सगळं नको, फक्त नववीच्या गॅदरिंगची वर्गणी पोरांच्या हाती द्या, खर्चाच्या प्रत्येक पावतीवर तुमच्याबरोबर त्यांच्यातल्या एकाची सही घ्या. दादाने विचारलं, "आणि हिशोब चुकला तर?" चुकतोच. मागच्या वर्षी मुलीच्या शाळेतही एका क्लबच्या हिशोबात तूट आली होती. मार्गदर्शक बाईंनी ती भरून दिली नाही. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावली, आणि पोरांनी दोन शनिवार लोकांच्या गाड्या धुऊन भरून काढली.