हक्काचे 30 घोडे

तर घेतलीत एकदाची. वीस वर्षं जुनी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप असलेली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, चौथा मालक, आणि घरी सांगितलंत की स्वस्तात मिळाली. अभिनंदन. आता हिला जरा पॉवर काढायची आहे, जास्त नाही, थोडीच, असं तुम्ही म्हणताय. सगळे थोडीच म्हणतात.

आधी अन्याय समजून घ्या. 2004 साली ही गाडी भारतात आली तेव्हा 1.8 लिटरच्या टर्बोला आपल्याकडे 150 पीएस, म्हणजे घोडे, दिले, आणि युरोपात याच नावाच्या गाडीला 180. म्हणजे तुमचे 30 घोडे गेली वीस वर्षं कुठेतरी अडवून ठेवलेत. आणि हक्काचं म्हटलं की आपण सोडतो होय, सोसायटीच्या पार्किंगमधल्या सहा इंचांसाठी सात वर्षं कोर्टात जाणारी माणसं आपण.

सुरुवात करताना एकच पथ्य पाळा, सर्व्हिसिंग अजिबात करायचं नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग, ऑइल, कूलंट ही रिटायर्ड लोकांची कामं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं, पण बेल्ट काय बोनेट उघडल्यावर दिसत नाही, त्याचा फोटो कोण टाकणार?

फोटो टाकण्यासारखी वस्तू म्हणजे कोन फिल्टर, इंजिनात जाणारी हवा गाळणारा उघडा शंकू. मुंबईच्या सीएसटी रोडला कुर्ल्याच्या बाजूने शिरा, दहा दुकानांत मिळेल, लाल घ्या, लाल रंगाने पॉवर जास्त येते. कंपनीचा एअरबॉक्स काढून फेका. तो बावळट डबा बाहेरची गार हवा ओढत होता, तुमचा कोन आता थेट इंजिनाच्या कुशीतली हवा ओढेल. हवा दर 10 अंशांमागे साधारण 3 टक्के विरळ होते, आणि मे महिन्यात दुपारी वेस्टर्न एक्स्प्रेसवर अर्धा तास उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय भट्टी पेटलेली असते ते वेगळं सांगायला नको, म्हणजे तुम्ही पैसे देऊन घोडे कमी केलेत. पण आवाज ऐका ना! सूंऽऽऽ. आवाजात सहज दहा घोडे वाढतात.

मग ब्लो ऑफ व्हॉल्व्ह, टर्बोने दाबलेली जादा हवा बाहेर सोडणारी झडप. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की 'फुस्स'. कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह तीच हवा मुकाट्याने परत टर्बोच्या तोंडाशी सोडतो, कंजूस कुठला. तुम्ही बाहेर सोडा. आता या इंजिनात आत येणारी हवा सेन्सर आधीच मोजून बसलेला असतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि हवा तर तुम्ही घाटकोपरच्या सिग्नलला रिक्षावाल्याच्या कानात सोडलीत, त्यामुळे मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, गाडी एक गचका देते आणि मागून काळं येतं. रिक्षावाला वळून बघतो. त्याच्यासाठीच तर केलं सगळं.

टर्बो टायमर मात्र घेऊ नका, हा सल्ला खरा आहे. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तापलेला असताना गाडी खटकन बंद केली तर आतलं ऑइल जळून थर बसतात, म्हणून मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करणारं ते यंत्र. मुंबईत त्याची काय गरज, तुंबलेला अख्खा जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, हाच एक टर्बो टायमर आहे.

आता मुख्य कार्यक्रम, रिमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं. स्टेज 1, म्हणजे पहिली पायरी. एक मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, गाडी बघतो न बघतो, आणि फाइल टाकतो. फाइल कुठची विचारलंत तर जर्मनीची. सगळ्यांच्या फायली जर्मनीच्याच असतात. त्या जर्मन फाइलला आपलं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल माहीत आहे का, वीस वर्षांच्या कॉइल अजून ठिणगी नीट देतात का, असले प्रश्न विचारून मूड घालवू नका. पॉवर मोजणाऱ्या डायनोचीही गरज नाही, बुडाखालच्या सीटला जेवढी पॉवर जाणवली तेवढी खरी, आणि तीस-चाळीस हजार मोजल्यावर ती जाणवतेच.

पहिली बातमी क्लच देईल. टॉर्क वाढला की सगळ्यात आधी मार त्यालाच बसतो. केम्प्स कॉर्नरच्या चढावर आरपीएम वर आणि गाडी तिथेच, असं झालं की समजा घोडे आलेत, फक्त चाकापर्यंत पोचले नाहीत.

आलेच पोचले तर नेणार कुठे? कोस्टल रोड आहे की. सरळ रस्त्याला मर्यादा 80, बोगद्यात 60, आणि कॅमेरे. दोन किलोमीटरच्या बोगद्यात तिसऱ्या गिअरमध्ये डाउनपाइपचा, म्हणजे टर्बोमागच्या धुराच्या नळीचा, आवाज ऐकत 60 ने जाणं हे सुख वेगळंच, शेजारून वॅगन आरही 60 नेच जात असते. बरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये मालकाने परवानगीशिवाय केलेल्या फेरफाराला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, तेव्हा पार्ट मोजून लावा. इन्शुरन्सवाल्यांना तर काहीच कळवू नका, क्लेमच्या दिवशी त्यांना सरप्राइज मिळू दे.

ब्रेक पॅड आणि टायर? ते दिवाळी बोनसला. गाडी पळवायची ठरवली आहे, थांबवायची नाही.

तर एवढं सगळं करून महिन्याभरात गाडी आधीपेक्षा मठ्ठ होईल. चेक इंजिनचा दिवा लागेल, मध्येच लिंप मोडमध्ये जाईल, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयू पॉवरच तोडेल, आणि ओला बाइकपण ओव्हरटेक करेल. मग तुम्ही निमूटपणे एखाद्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाल, ज्याच्याकडे बोर्ड नाही आणि वेळही नाही. तो पाइपात धूर सोडेल आणि धूर सात ठिकाणांहून बाहेर येईल. व्हॅक्युम पाइप बिस्किटासारखे तुटताहेत, टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज ऑइल पिऊन फुगलाय, क्लिपा सैल. टर्बो बिचारा हवा भरतोय आणि हवा गल्लीत चाललीय, आणि ती तूट भरून काढायला तो जीव तोडून जास्त फिरतोय. "साब, घोडा तो पहले से भाग रहा था," असं म्हणून तो नवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह लावेल, पाइप बदलेल, प्लग टाकेल, एअरबॉक्स भंगारातून शोधून परत बसवेल. बिल रिमॅपच्या चौथ्या हिश्शाएवढंही नाही.

आणि गाडी उडेल. पहाटे पाचला ईस्टर्न फ्रीवेवर तिसऱ्यात दाबलीत की पाठ सीटला चिकटेल.

ते बिल फाडून टाका. मित्रांनी विचारलं एवढी कशी पळते रे, तर नुसतं हसायचं आणि सांगायचं, फाइल जर्मनीची आहे.