बाजेवरची सात हजार पावलं

माझ्या नणंदेची मुलगी अमरावतीला शिकते. यंदा तिला कॉलेजात प्रकल्प मिळाला: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाई किती हालचाल करते, ते मोजायचं. त्यासाठी गरोदर बाई हवी. साऱ्या गणगोतात त्या वेळी तशी मी एकटीच होते.

ती आली नेमकी खांदेमळणीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पोळा, चुलीवर बैलांसाठी पाणी तापत होतं, मला पाचवा महिना, आणि ही माजघरात कागद पसरून बसलेली. प्रश्नावली अमेरिकेत तयार झालेली, 2004 साली छापून आलेली, 32 कामांची. प्रत्येक कामापुढे चौकटी होत्या. ‘अजिबात नाही’पासून चढत चढत काही कामांना ‘दिवसाला 3 तास किंवा जास्त’पर्यंत, काहींना ‘आठवड्याला 3 तास किंवा जास्त’पर्यंत. हिनं रात्र जागून तिचं मराठी केलं होतं.

“मामी, यंत्रावर बसून गवत कापता का?”

“बसून?”

“हाव. यंत्रावर बसाचं, थे चालते, गवत कापल्या जाते.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून म्हणाल्या, “अन् म्हशीले गवत कोण टाकते? थेच यंत्र?”

मग आलं पोहणं. मे महिन्यात आमच्या विहिरीत बादली बुडत नाही, तिथं बाई काय पोहणार! चढावर भरभर चालणं? गावात चढ एकच, नाल्यावरच्या पुलाचा. पाळीव प्राण्यांशी खेळणं? मी गोठ्याकडे पाहिलं. सर्जा शेपटीनं माश्या हाकलत होता, खेळायच्या मनःस्थितीत वाटला नाही. ‘अजिबात नाही’वर खुणा करून करून तिच्या पेनाची शाई उतरली.

शेवटचा भाग नोकरी-कामाचा. त्यात ओझ्याचं माप दिलेलं होतं: गॅलनभर दुधाच्या कॅनपेक्षा जड वस्तू घेऊन चालता का? गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर थोडं. आमची म्हैस दोन्ही वेळचं मिळून तेवढं देत नाही. मी म्हटलं, दूध राहू दे, पाण्याचा गुंड धर. ती खूण करणार, तेवढ्यात तिची नजर वरच्या सूचनेवर गेली. हा भाग फक्त मजुरीवर, स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्यांसाठी किंवा शिकणाऱ्यांसाठी. गृहिणींनी भरायची गरज नाही.

“मामी, वावरात मजुरी भेटते काय तुम्हाले?”

“वावर आपलंच हाय ना वं.”

“मंग हे सोडून द्या.”

निंदन सुटलं, गुंडही सुटला. मिळाला तो स्वयंपाक आणि झाडलोट. जाता जाता तिनं मेट समजावून सांगितलं. गप्प बसून राहायला शरीराला जेवढी शक्ती लागते ती 1 मेट, बाकीची कामं त्याच्या पटीत. आत्याबाईंसमोर गप्प बसायला किती मेट लागतात, ते तक्त्यात नव्हतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय, की काही अडचण नसेल तर गरोदर बाईनं आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम मेहनत करावी.

“आठवड्याले अडीच घंटे?” आत्याबाई म्हणाल्या. “मंग बाकीचे दिवस काय करते त्या?”

दिवाळीला ती हालचाल मोजायचं यंत्रच घेऊन आली. काडेपेटीएवढी लाल डबी, वर ना आकडा ना दिवा. कमरेला पट्ट्यानं बांधायची, सात दिवस, रोज निदान दहा तास. सातव्या महिन्यात कमर कुठाय, हा पहिला प्रश्न. पट्टा वर बांधला की खाली घसरायचा, खाली बांधला की डबी पोटाखाली तोंड खुपसून जमिनीकडे पाहत बसायची. त्यात कापसाची वेचणी सुरू. कमरेला फडक्याची ओटी, ओटीत कापूस, कापसाखाली डबी. आत्याबाईंनी नजर लागू नये म्हणून पट्ट्याला बिब्बा बांधला. माझी नजर की डबीची, ते मी विचारलं नाही. डबीला कमर हलल्याचं कळतं, ओटीतल्या कापसाचं वजन कळत नाही. पऱ्हाटीपुढं वाकून एका जागी दहा बोंडं वेचली, तर तिच्या लेखी मी तेवढा वेळ उभी होते.

जानेवारीत मुलगा झाला. ह्या खेपेला मनगटी पट्टा आला, फोनला जोडलेला. मी खोलीत बाजेवर, खाली शेगडी, कानाला फडकं, सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. एका हातात पाळण्याची दोरी. पोरगं दोरी थांबली की डोळे उघडायचं, म्हणून दोरी थांबत नव्हती. चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला, नेमका आत्याबाईंनी घेतला. आवाज असा, की मला बाजेवर ऐकू आला.

“आजी, मामी काल सात हजार पावलं चालल्या!”

आत्याबाई आत आल्या. हातातली डिंकाच्या लाडवांची ताटली त्यांनी खाली ठेवली नाही.

“कोठी फिरून आली वं? बाजीवरून उतरू नोको म्हटलं होतं ना मी?”

मी दोरी दाखवली. ओढली. पट्ट्यावरचा आकडा वाढला. आत्याबाईंनी माझ्या हातातून दोरी घेतली, ओढून पाहिली. आकडा हलला नाही. मग पट्टाच काढून स्वतःच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर चढवला आणि संध्याकाळपर्यंत नातवाला झोके दिले. रात्री त्यांनी भाचीला स्वतः फोन लावला. “आज कित्येक भरले माहे?”

रात्री पट्टा परत माझ्याकडे. दोन वाजता पोरगं मांडीवर कसंबसं झोपलं होतं, तर पट्टा थरथरला: बराच वेळ बसलात, उठा, थोडं चाला. पोरगं दचकून उठलं. मग मी उठले. त्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून बाज ते खिडकी, खिडकी ते बाज, चार वाजेपर्यंत.

सकाळी पाहिलं. मध्यरात्रीपासूनची पावलं: 14. तीही बहुतेक त्याला पाळण्यात ठेवल्यावर दोरी ओढली त्याची.