ब्लड कॅन्सर ‘फुकट आणि पूर्ण बरा’ करणाऱ्या औषधाचा मेसेज

‘इमिटिनेफ मर्सिलेट हे औषध ब्लड कॅन्सर पूर्ण बरा करतं. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळतं. पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. एखाद्या घरात मुलाला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, निघाला की मामा, काका, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडून तोच येऊन पडतो. पाठवणाऱ्याची माया खरी असते. मजकुराचं तसं नाही.

आधी नाव. या नावाचं औषधच नाही. खरं नाव इमॅटिनिब मेसिलेट. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या, बहुतेक मोठ्यांना होणाऱ्या ल्युकेमियाचं चित्रच पालटलं. पण ते चालतं फिलाडेल्फिया क्रोमोसोम या पेशीतल्या ठरावीक बिघाडावर. लहान मुलांत सर्वांत जास्त दिसतो तो झपाट्याने वाढणारा एएलएल हा प्रकार, आणि त्यात हा बिघाड शंभरात जेमतेम ३ ते ५ मुलांना असतो. त्यांनाही ही गोळी केमोच्या जोडीला देतात, केमो चुकत नाही.

अड्यारची संस्था १९५४ पासूनची, नावाजलेली. या मेसेजबद्दल तिलाच खुलासा करावा लागलाय. शिवाय या गोळीसाठी चेन्नई गाठायचं कारणच काय? सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला. देशी कंपन्यांची इमॅटिनिब डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथेच मिळते.

खरा घात होतो तो ‘एका औषधात बरा’ या कल्पनेने. एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडने पोराचा चेहरा फुगतो, स्वभाव चिडका होतो, रात्री दोनला ते वरणभात मागतं आणि ताट पुढे आलं की ढकलून देतं. पाठीतल्या इंजेक्शनचा दिवस त्याला आदल्या रात्रीच कळलेला असतो. काउंट पडलेले, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असताना १००.४ ताप दिसला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. हे आईला फाइलमधल्या आकड्यांसकट पाठ होतं. धीर कुठून येतो म्हणाल, तर बराचसा ओपीडीच्या बाकावरून, शेजारी बसलेल्या सहा महिने पुढे गेलेल्या दुसऱ्या आईकडून.

मग मेंटेनन्स येतं, म्हणजे उपचारांचा शेवटचा, लांबलचक टप्पा. रोज गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध. केस परत आलेले, पोर अंगणात खेळतंय, हातातले पैसे संपलेत, पेरणी तोंडावर आहे. ‘बरा तर दिसतोय’ म्हणून उपचार सुटतात ते इथेच, आणि सुटले की आजार उलटण्याचा धोका वाढतो. नेमका अशा वेळी हा मेसेज पुन्हा आला तर बापाने कशावर विश्वास ठेवायचा? श्रीमंत देशांत आज दहातली साधारण नऊ मुलं बरी होतात, ती बहुतांशी जुनीच औषधं क्रमाने, शेवटपर्यंत दिल्यामुळे. मेथोट्रेक्सेटचं घराणंही जुनंच. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये ज्या अमिनोप्टेरिन या त्याच घराण्यातल्या औषधाने मुलांचा ल्युकेमिया काही महिने मागे हटवला, ते आलं आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. पाठवायचीच असेल तर ही माहिती पाठवा, निदान खरी तरी आहे.

राहिलं ‘कुणाचं तरी भलं होईल’. परळला टाटात आलेल्या कुटुंबाला राहायला जागा लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, कॉटन ग्रीनची सेंट ज्यूड केंद्रं हे पत्ते त्यांना सांगा. महात्मा फुले योजनेच्या कागदांसाठी कुणीतरी रांगेत उभं राहावं लागतं. गावी राहिलेल्या थोरल्या बहिणीची शाळा, डबा कुणीतरी बघावा लागतो. तिच्याकडे तर सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. आणि प्लेटलेट लागतात. त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे दाते सतत हवे असतात. मशीनवर तास-दीड तास बसायची तयारी ठेवून रक्तपेढीत नाव द्या. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर प्लेटलेट घेत नाहीत, तेवढं जायच्या आधी फोनवर सांगा.