‘अनलेस’च्या पोटातलं ‘नॉट’

‘रीराइट द सेन्टेन्स विदाउट चेंजिंग इट्स मीनिंग.’ ही ओळ दिसली की मला नेहमी एकच प्रश्न पडतो. अर्थ बदलायचा नाही, तर मग वाक्याला हात कशाला लावायचा? चांगलं सुखाने नांदत होतं बिचारं!

पण प्रवेश परीक्षेला असली दयामाया नसते. इंदूरच्या मराठी घरांत या तयारीचं दृश्य ठरलेलं. टेबलावर नमुना प्रश्नपत्रिका, शेजारी गार होत चाललेले पोहे, त्यांवर जीरावन मसाला टाकायचंही भान नाही, आणि मागे उभे आम्ही थोर मंडळी. आमचा सल्ला एकच : ‘कानाला बरं वाटतंय ना? मग कर टिक!’

हा सल्ला महागात पडतो. सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, बरोबर उत्तराला 5 मार्क आणि चुकीला 1 वजा. आपल्याच गावच्या आयआयएमच्या आयपीमॅटला, म्हणजे बारावीनंतरच्या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेला, पर्यायांच्या प्रश्नांत 4 आणि वजा 1. शिवाय ज्या कानावर भिस्त ठेवायची, तो घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी ऐकून घडलेला. त्याला ‘डिस्कस अबाउट द मॅटर’ अगदी गोड लागतं, कारण आपण ‘विषयाबद्दल’ चर्चा करतो. इंग्रजीत मात्र ते ‘बद्दल’ डिस्कसच्या पोटातच असतं. ‘रिटर्न बॅक’चं दुखणंही तेच.

खरी मेख इथेच आहे. इंग्रजीतले काही शब्द इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या खोपरा पॅटिससारखे असतात, वरून बटाटा आणि आत खोबरं. ‘अनलेस’ घ्या. दिसायला साधा, पण पोटात ‘नॉट’ दडवून बसलेला. ‘इफ यू डू नॉट हरी, यू विल मिस द बस’ याचं ‘अनलेस यू हरी’ एवढंच होतं. आपली पोरं लिहितात ‘अनलेस यू डू नॉट हरी’, कारण मराठीत ‘घाई केल्याशिवाय’ सोडून आपण ‘जोपर्यंत घाई करत नाही तोपर्यंत’ असा लांबचा रस्ता धरतो आणि त्यातला ‘नाही’ खिशात घालून इंग्रजीत उतरतो. दोन नकार झाले की घाई करणाऱ्याचीच बस चुकते.

‘फॉरबेड’ही त्याच घाण्यातला. ‘डोन्ट टच इट’ याचं ‘शी फॉरबेड मी टु टच इट’. तिथे ‘नॉट टु टच’ लिहिलं, तर हात लावायला मनाई नाही, हात न लावायला मनाई झाली!

‘टू हॉट टु ईट’मध्येही नकार लपलेला असतो, पण तिथे फसवतो तो शेवटचा ‘इट’. ‘द पोहा इज टू हॉट टु ईट’ हे ‘सो… दॅट’मध्ये घातलं की ‘द पोहा इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ईट इट’. पहिल्या वाक्यात पोहे एकदाच येतात आणि दोन्हीकडे चालून जातात. ‘दॅट’नंतर मात्र नवा संसार सुरू होतो, तिथे खायला काहीतरी द्यावंच लागतं. मूळ वाक्यात ‘वॉज’ असेल तर ‘कॅनॉट’चं ‘कुड नॉट’ करायचं, हे दहातले सातजण विसरतात असा माझा आपला अंदाज.

आता ‘नो सूनर’. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द पोहा अराइव्ह्ड, ही सॅट डाउन’ याचं ‘नो सूनर डिड द पोहा अराइव्ह दॅन ही सॅट डाउन’. ‘डिड’ पुढे आला की भूतकाळ त्याने उचललेला असतो, क्रियापदाने पुन्हा उचलायचा नाही. म्हणून ‘डिड अराइव्ह्ड’ बाद. ‘हॅड’ घेतला तर मात्र ‘अराइव्ह्ड’च. आणि ‘दॅन’ का? ‘सूनर’ हा ‘बेटर’सारखा तुलनेचा शब्द, त्याला ‘दॅन’च लागतो. ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ तुलना करत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे ‘व्हेन’. एवढं कारण कळलं, तर पाठांतराची गरज नाही. पण कारण सांगायला लागलं की पोरं म्हणतात, ‘शॉर्टकट सांगा ना.’

व्हॉइसमध्ये तर आपली मराठीच आडवी येते. ‘मी जिलबी खाल्ली’ हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद जिलबीच्या मागे जातं. तेच इंग्रजीत ‘आय एट अ जिलबी’, चोख अ‍ॅक्टिव्ह! शाळेत कर्मणीवर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला मुलगा इथे हटकून गोंधळतो.

इनडायरेक्टचंही तसंच. ‘काकू म्हणाली की मी उद्या येते’ असं आपण बिनदिक्कत बोलतो. काकूचा ‘मी’ आणि काकूचा ‘उद्या’ जसाच्या तसा. इंग्रजीत ‘शी’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो. एवढं सगळं होऊन काकू येईलच याची खात्री नाही, तो भाग वेगळा.

राहता राहिली डिग्री. ‘इंदूर इज द क्लीनेस्ट सिटी इन इंडिया.’ कम्पॅरेटिव्हमध्ये ‘क्लीनर दॅन एनी अदर सिटी’. ‘अदर’ गाळलं तर इंदूर स्वतःपेक्षाही स्वच्छ ठरतं, आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यात काही गैर वाटत नाही. पॉझिटिव्हमध्ये ‘नो अदर सिटी इज अ‍ॅज क्लीन अ‍ॅज इंदूर’. 2017 पासून हे वाक्य निर्धास्त लिहावं असं होतं. मग 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतही पहिल्या नंबरात वाटेकरी झालं आणि व्याकरणाची पंचाईत झाली, कारण आता एक ‘अदर सिटी’ खरोखरच ‘अ‍ॅज क्लीन’ होती. त्या वर्षापुरतं बिनचूक वाक्य ‘नो अदर सिटी इज क्लीनर दॅन इंदूर’. बरोबरी चालते, वरचढ नाही.

खरं तर ‘इंदूर इज वन ऑफ द क्लीनेस्ट सिटीज’ हा पर्याय व्याकरणाने निर्दोष. ‘वन ऑफ’नंतर अनेकवचनी ‘सिटीज’, क्रियापद एकवचनी ‘इज’, सगळं जागच्या जागी. पण तो टिक करणारा इंदूरकर मी अजून पाहिलेला नाही. 1 मार्क वजा झाला तरी बेहत्तर.