‘विचार बदला, गोळी सोडा’ या सल्ल्याला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर नातेवाइकांच्या निरनिराळ्या व्हॉट्सॲप गटांतून माझ्याकडे चार वेळा आला. त्याचा आशय असा: पार्किन्सन्स हा मुळात मनाचा आजार आहे, जो आनंदी राहतो त्याचा कंप आपोआप थांबतो, गोळ्या पाच वर्षांत निकामी होतात, म्हणून त्या टाळाव्यात आणि खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण घ्यावे. माझ्या यजमानांना या आजाराचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

हा मनाचा आजार नव्हे. मेंदूच्या एका लहानशा भागातील डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींवरचा ताबा सुटत जातो. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी, हिंगाची फोडणी करपली तरी यजमानांना वास येत नसे. तेव्हा आम्ही ते सर्दीवर ढकलले. या आजारात येणारे नैराश्यही पुष्कळदा मेंदूतील याच बदलांचा भाग असते, त्यामुळे ‘जरा हसत राहा’ असे रुग्णाला सांगणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला अंग गार ठेवायला सांगण्यासारखे आहे. शिवाय चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे चेहरा निर्विकार दिसतो. एका भाच्याने त्यावरूनच ‘मामा फार निगेटिव्ह झालेत’ असा निष्कर्ष काढला होता. मामा त्या वेळी त्याच्याच विनोदावर मनातल्या मनात हसत होते, हे त्यांनी मला रात्री सांगितले.

आनंदाने कंप थांबतो, या विधानात मात्र थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. ताण वाढला की कंप वाढतो, हे आम्ही रोज पाहतो. कॅनडातील संशोधकांनी 2001 मध्ये असेही दाखवले, की औषध मिळाल्याच्या नुसत्या अपेक्षेनेदेखील रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन स्रवते. पण तो परिणाम तात्पुरता असतो. त्याने गेलेल्या पेशी परत येत नाहीत. शिवाय अनेक रुग्णांना कंप नसतोच, नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. त्यांनी आनंदी राहून काय थांबवायचे?

काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो, हे खरे आहे. पण त्याचे मुख्य कारण आजाराचे वाढते वय हे आहे. घाना आणि इटली येथील रुग्णांची तुलना 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. घानातील रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे या गोळीतले मुख्य औषध, उशिरा मिळाले होते, तरीही गोळीच्या परिणामातील चढउतार आणि अनैच्छिक हालचाली दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर दिसू लागल्या. म्हणजे गोळी लांबवून पदरात काही पडत नाही, फक्त बरी जाऊ शकणारी वर्षे वाया जातात. चालू गोळी एकाएकी बंद केली तर अंग कमालीचे ताठरून, तीव्र ताप येऊन जिवावरही बेतू शकते.

आता खाजकुहिली. तिच्या बियांत असते ते लेव्होडोपाच! गोळीला नावे ठेवून तेच द्रव्य, किती मिळते याचा पत्ता नसताना चमच्याने घ्यायचे आणि वर ‘नैसर्गिक’ म्हणायचे, याला काय म्हणावे? चालू गोळ्यांच्या जोडीला ते घेतले तर मात्रा चुकण्याचा धोका वेगळाच.

तरीही सकारात्मकतेला माझा विरोध नाही. फक्त ती एकट्या रुग्णाच्या डोक्यावर टाकू नये. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या जोडशब्दांत बरेच काही आले. आमच्याकडे सकाळची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी असते, कारण प्रथिनांमुळे तिचा परिणाम मंदावतो. स्वयंपाकघराच्या दारात यजमानांचे पाय जमिनीला खिळत असत. तिथे मी वीतभर अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. आता ‘एक, दोन’ म्हणत ते पट्टी ओलांडतात आणि पाऊल सुटते. हेच ‘मन खंबीर करा’ असे सांगून जमले नव्हते.

मजकूर पाठवणाऱ्यांना एवढेच कळवते, की अकरा ते साडेबारा गोळीचा अंमल चांगला असतो. त्या वेळी रमीला चौथा गडी हवा आहे. पत्ते वाटायला यजमानांना थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.