रायटर हवाय, म्हणजे नक्की काय हवंय

जानेवारी संपत आला की व्हॉट्सॲपवर निरोप फिरू लागतात : 'अंध विद्यार्थिनीसाठी दहावीला रायटर हवा, तातडीने कळवा.' रायटर म्हणजे लेखनिक : प्रश्न वाचून दाखवणारा आणि परीक्षार्थी सांगेल ते लिहून घेणारा. निरोप वाचून हळहळणारे पुष्कळ असतात, पुढे पाठवणारे त्याहून जास्त. जे खरंच जातात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यातले बरेच जण फक्त चांगलं मन आणि दोन पेनं घेऊन केंद्रावर पोहोचतात, आणि तिथे त्या मुलीचे गुण जातात. लेखनिकाचं काम शिकावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. अक्षर बरं आहे आणि वेळ आहे एवढ्यावर ते होत नाही.

आधी नियम. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत बरीच वर्षं मुख्य मानली गेली; २०२५मध्ये केंद्राने नवी तत्त्वं काढली, म्हणून इथले तपशील ताज्या सूचनेशी ताडून बघा. २०१८च्या तत्त्वांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, दोन तासांचा दोन तास चाळीस मिनिटांचा. अकराला सुरू झालेला पेपर तीनला संपणार, हे धरूनच तुमचा दिवस रिकामा ठेवा. अडीचला क्लास आहे म्हणून घड्याळाकडे बघणारा रायटर समोरच्याला लगेच कळतो, आवाजावरून. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असंही ही तत्त्वं सांगतात. त्यामुळे दहावीच्या पेपराला साधारण नववीचा विद्यार्थी लागतो, बारावीला अकरावीचा. पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या अटी वेगवेगळ्या असतात, म्हणून त्या त्या परीक्षेची ताजी सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. प्रतिज्ञापत्राचा नमुना तिथेच असतो. त्यावर फोटो, ओळखपत्राची प्रत, शाळा-कॉलेजचं बोनाफाईड किंवा शेवटची गुणपत्रिका, काय काय मागितलंय ते आठवडाभर आधी जमवून ठेवा.

या 'एक पायरी खाली'च्या अटीबद्दल माझी तक्रार आहे. कॉपी होऊ नये हा तिचा हेतू मला समजतो. पण या अटीमुळे निवृत्त शिक्षक, शांतपणे चार तास बसू शकणारी गृहिणी, नोकरीतून रजा काढायला तयार असलेला माणूस, असे सगळे बाद होतात. उरतो तो पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत असते आणि ज्याने पेपरातले अर्धे शब्द कधी वाचलेलेच नसतात. परीक्षा घेणाऱ्यांनीच लेखनिकांची यादी तयार करावी, त्यांना दोन दिवस शिकवावं आणि मानधन द्यावं, हा माझ्या मते जास्त न्याय्य मार्ग आहे. तो पक्का रुळेपर्यंत आहे त्या मुलांनाच नीट तयार करणं आपल्या हातात आहे. शाळेतल्या बाई आणि सरांनी ही पोस्ट वाचली तर जास्त बरं.

परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला तर त्याला दोन दिवस आधी भेटून तो जमेल का हे पारखण्याची मुभा परीक्षार्थीला आहे. स्वतःचा लेखनिक असेल तर दोन दिवसही कमी पडतात. दोनदा भेटा, दर वेळी दीड तास. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, अर्धी वाचा, दोन मोठी उत्तरं सांगून लिहून घेऊ द्या. वाचनाचा वेग किती हवा, परिच्छेद बदलायचा तर ती विद्यार्थिनी काय म्हणणार, शीर्षकाखाली रेघ हवी का, प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवणार, वेळ दर अर्ध्या तासाने सांगायची की विचारली तरच, हे सगळं इथेच ठरतं. विषयातले अवघड शब्दही इथेच लिहून बघायचे. 'प्रकाशसंश्लेषण' किंवा 'अपवर्तनांक' पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत ऐकणारा रायटर तिथे अडखळतो, आणि विचार तिचा तुटतो.

आता वाचन. माझ्या मते निम्मे गुण इथे जातात. पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं फक्त वाचायचं. सूचना, प्रश्न, गुण, 'कोणतेही दोन', 'किंवा', सगळं. 'हा सोपा आहे', 'हा मागे येऊन गेलाय' असलं काही म्हणायचं नाही. उताऱ्यावरचे प्रश्न असतील तर आधी प्रश्न वाचू की उतारा, हे तिला विचारा. उताऱ्याच्या परिच्छेदांना पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घाला. 'तिसऱ्यातली शेवटची दोन वाक्यं परत वाच' म्हटलं की तुम्हाला शोधत बसावं लागत नाही. जोड्या लावायच्या असतील तर 'अ' गट सलग, मग 'ब' गट सलग, आणि मग 'अ'मधला एकेक शब्द घेऊन 'ब' गट पुन्हा. बहुपर्यायी प्रश्नात चारही पर्याय एकाच सुरात वाचा. बरोबर पर्यायावर आवाज नकळत जड होतो, आणि कानावर जगणाऱ्या माणसाला तो जडपणा ऐकू येतो. तिला तो नको असतो.

मराठीच्या कृतिपत्रिकेत आकृतिबंध येतात आणि तिथे बहुतेक नवे लेखनिक गोंधळतात. 'इथे एक चित्र आहे, रिकाम्या जागा भर' एवढं सांगून चालत नाही. असं सांगा : 'मध्ये एक चौकट आहे, तिच्यात "आईची गुणवैशिष्ट्ये" लिहिलंय. तिच्यापासून चार रेघा निघतात. चारही टोकांच्या चौकटी रिकाम्या आहेत.' ओघतक्ता असेल तर बाण कुठून कुठे जातो आणि कोणती चौकट आधीच भरलेली आहे, तेही सांगा. विरामचिन्हांच्या प्रश्नातलं वाक्य सपाट वाचावं लागतं, कारण तुम्ही प्रश्नार्थक सुरात वाचलंत तर उत्तर देऊन मोकळे होता. शुद्ध शब्द ओळखायचा असेल तर त्याच्या उलट अडचण : 'आशीर्वाद' आणि 'आशिर्वाद' कानाला एकच. तिथे प्रत्येक पर्याय फोडून सांगायचा, 'आ, श ला दुसरी वेलांटी, व वर रफार' असा. वृत्ताचा प्रश्न आला तर ओळ लयीत न म्हणता अक्षर-अक्षर वाचा. लघु-गुरूच्या खुणा ती सांगेल तशाच करा.

गणितात तर एक शब्द इकडचा तिकडे झाला की उदाहरणच बदलतं. 'एक्स अधिक दोन भागिले तीन' याचे दोन अर्थ होतात : दोनाखाली तीन, किंवा सगळ्याखाली तीन. म्हणून 'अंश एक्स अधिक दोन, छेद तीन, अपूर्णांक संपला' असं म्हणायची सवय लावा. 'कंस सुरू', 'कंस पूर्ण', 'वर्गमूळ सुरू', 'वर्गमूळ संपलं' हेही उच्चारायचं. मराठी आकड्यांची खास अडचण वेगळीच. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, सदतीस आणि सत्तावीस घाईत एकमेकांत मिसळतात. आधी संख्या सांगा आणि मग अंक फोडून : 'एकोणसत्तर, सहा नऊ.' ती उत्तर सांगेल तेव्हा तुम्हीही तसंच परत म्हणा. तिला आकडेमोडीसाठी टेलर फ्रेम (स्पर्शाने गणित मांडायची पाटी), ॲबॅकस, बोलणारा कॅल्क्युलेटर किंवा ब्रेल पाटी वापरायला परवानगी आहे. २०१८च्या तत्त्वांत ही साधनं नावानिशी आहेत, त्यामुळे पर्यवेक्षकांनी हरकत घेतली तर दाखवायला त्या पानाची छापील प्रत जवळ असू द्या. ब्रेल पाटीवर दाभणाने कागद टोचल्याचा टकटक आवाज होतो. तो शेजारच्यांना त्रास आहे असं कोणी म्हणालं, तर वेगळी खोली मागायचं ते आणखी एक कारण.

लिहिताना शेवटचे दोन-तीन शब्द हलक्या आवाजात परत म्हणा. 'पुढे?' विचारायची गरज उरत नाही, आणि तिला कळतं की तुम्ही कुठवर आलात. डोळस मुलगा लिहिताना मागचं वाक्य सहज बघतो. तिला ते बघणं तुमच्या आवाजातूनच मिळतं. 'परिच्छेदाची सुरुवात वाच' म्हटल्यावर कंटाळा न करता वाचा. उत्तर किती लांब झालं हे तिला जाणवत नाही, म्हणून 'पान भरलं, दुसऱ्या पानावर चार ओळी' असं मध्येमध्ये सांगत चला. इंग्रजीच्या पेपरात विशेषनामांचं स्पेलिंग विचारून घ्या, सांगितलं तर तेच लिहा. तिने चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहा.

हे शेवटचं वाक्य नव्या माणसाला फार जड जातं. डोळ्यांसमोर चूक होत असते आणि बोटांनी ती लिहायची असते. पण 'नक्की ना?' हा प्रश्नसुद्धा मदतच आहे. तो फक्त उत्तर चुकलेलं असतं तिथेच विचारला जातो, आणि हे तिलाही समजतं. उलट बाजूचा गैरप्रकार कमी बोलला जातो. तिसऱ्या तासाला हात दुखायला लागला की लेखनिक वाक्यं आखडती घेतो, उदाहरण गाळतो, 'आणि इतर' लिहून मोकळा होतो. तिने दहा ओळी सांगितल्या, कागदावर सहा आल्या, आणि हे तिला कधीच कळणार नाही. मला ही फसवणूक कॉपीइतकीच गंभीर वाटते. हात भरून आला तर सरळ सांगा, 'एक मिनिट थांबू या.' जादा वेळ त्यासाठीही असतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र न येणाऱ्या लेखनिकामुळे होतं. सकाळी नऊला फोन, 'घरी पाहुणे आलेत', 'जरा ताप आहे'. स्वतःच्या परीक्षेला कोणी पाहुण्यांमुळे दांडी मारत नाही. दुसऱ्याच्या परीक्षेला मारली जाते, कारण मनात कुठेतरी ते वेळ मिळाला तर करायचं काम असतं. जमणार नसेल तर पंधरा दिवस आधी नाही म्हणा, त्यात काहीही वाईट नाही. आणि ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी दोन लेखनिक तयार ठेवा, दोघांचीही कागदपत्रं केंद्रावर आधी द्या. ऐनवेळी लेखनिक बदलण्याची सोय तत्त्वांत आहे. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगळे लेखनिक घेता येतात. संस्कृत वाचता न येणाऱ्याने संस्कृतला बसू नये, एवढं तरी पाळू या.

केंद्रावर पोहोचलात की आधी स्वतःचं नाव सांगा. तिचा दंड धरून ओढू नका, तुमचा कोपर पुढे करा, ती धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. जिना आला की 'वर' की 'खाली' ते सांगा. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात टेकवा, बाकी ती बघून घेईल. खोली तळमजल्यावर आणि वेगळी आहे का, हे केंद्रसंचालकांना आदल्या दिवशी भेटून पक्कं करा. एका खोलीत दोन जोड्या बसवल्या तर दोन्हीकडची उत्तरं एकमेकांत मिसळतात. जादा वेळ आहे हे पर्यवेक्षकांना पेपर सुरू होण्यापूर्वी सांगा, दोन वाजता बाकीचे पेपर गोळा होत असताना नव्हे. चार तास बोलून घसा कोरडा पडतो, पाण्याची बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवा आणि कुठे ठेवलीत ते सांगा. तिला थोडं दिसत असेल तर उजेड कुठून हवा तेही विचारा. काहींना खिडकीजवळ बरं वाचता येतं, काहींना तिथल्या झळाळीने काहीच दिसत नाही.

बँकांसारख्या संगणकावरच्या परीक्षांत लेखनिक पडद्यावरून वाचतो आणि माउस चालवतो. तक्ता आला की आधी उभ्या रकान्यांची नावं, मग आडव्या ओळींची, आणि त्यानंतरच आकडे. सगळे आकडे धडाधड वाचून काही उपयोग नाही. ती 'तिसरी ओळ, २०१९' म्हणेल, तेवढाच आकडा द्या. निवडलेला पर्याय मोठ्याने सांगून मगच पुढचा प्रश्न उघडा.

ज्याला संगणक येतो त्याने रायटरवर का अवलंबून राहावं, हा प्रश्न रास्त आहे. एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते मराठीही वाचतं. संगणकावर पेपर लिहिण्याचा पर्याय २०१८च्या तत्त्वांत आहे, आदल्या दिवशी यंत्र तपासून बघण्याची मुभाही आहे. त्या तत्त्वांनुसार स्वतःचा लॅपटॉप मात्र चालत नाही, त्यामुळे केंद्राच्या संगणकावर मराठी आवाज आणि ओळखीचा कीबोर्ड आहे ना, हे त्या तपासणीतच बघायचं. शाळांनी सहावी-सातवीपासून टंकलेखन शिकवलं तर बारावीपर्यंत कितीतरी मुलं स्वतःचा पेपर स्वतः लिहितील, आणि मला ते रायटरच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त हवं आहे. गणिताची चिन्हं आणि आकृत्या मात्र संगणकावर अजून अडतात, तिथे माणूस लागणारच.

ज्यांना हे करायचंय त्यांनी फेब्रुवारीची वाट बघू नका. डिसेंबरमध्येच जवळच्या अंधशाळेत, कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) विभागात, मुंबईत असाल तर सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या एक्सआरसीव्हीसी या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राकडे किंवा नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेकडे विचारा. नाव, शिक्षण, कोणत्या भाषा वाचता-लिहिता येतात आणि कोणत्या तारखांना मोकळे आहात, एवढं लिहून द्या. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका देण्यापूर्वी तीन गोष्टी मोठ्याने वाचा : बैठक क्रमांक, पुरवण्यांची संख्या, आणि सोडवलेल्या प्रश्नांचे क्रमांक. सही तिची तिला करू द्या. रेघेखाली पट्टी धरून तिचं बोट पट्टीच्या कडेवर टेकवलंत की सही सरळ येते.